डोळ्यांचा सर्जन व्हायला किती वर्षं लागतात?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझी मुलगी लातूरला एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला डोळ्यांचंच सर्जन व्हायचंय. घरात सगळे म्हणतात, चष्म्याचे नंबर काढत बसशील, आणि मोतीबिंदू काय पंधरा मिनिटांत होतो, त्यात शिकायचं काय एवढं! तुम्ही रिटायर झालात, तुमच्या वेळी कसं शिकवायचे आणि आता काय लागतं ते सांगा ना. – एक आई, लातूर

उत्तर: ताई, आधी वर्षांचं सांगतो. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक, मग नीट पीजी ही प्रवेश परीक्षा, रँक आली तर डोळ्यांचं एमएस किंवा डीएनबी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, तीन वर्षं. पुढे रेटिना (डोळ्याचा पडदा) किंवा कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) यातच खास काम करायचं तर फेलोशिप, म्हणजे जादा प्रशिक्षण, वेगळी, मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद ही त्यातली मोठी नावं.

आता ते पंधरा मिनिटांचं. फेको म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायची पद्धत. उजवा पाय फेको मशीनच्या पेडलवर, डावा मायक्रोस्कोपच्या. पेडल थोडं दाबलं की नुसतं पाणी, अजून दाबलं की ओढ, पूर्ण दाबलं की अल्ट्रासाउंड, आणि हे सगळं खाली न बघता, दोन्ही हात डोळ्यात असताना. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातली धूसर झालेली नैसर्गिक लेन्स, तिच्या पुढच्या आवरणाला जेमतेम पाच मिलिमीटरचं गोल भोक पाडायचं, मागचं आवरण मात्र अजिबात फाटू द्यायचं नाही, आणि ते असतं एका मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढं पातळ. फाटलं तर मोतीबिंदूचे तुकडे मागे पडद्याकडे जाऊ शकतात. हात बसायला वेळ लागतो तो इथे!

आमच्या वेळी अख्खी लेन्सच आवरणासकट काढायचो, क्रायोने, म्हणजे अतिथंड टोकाच्या उपकरणाने, गोठवून चिकटवून घ्यायची आणि अलगद बाहेर, मग टाके, पेशंटला हलू नका म्हणून सांगायचं आणि नंतर दहा नंबरचा जाड भिंगाचा चष्मा, तो फुटला की आजी परत चाचपडत चालायच्या, फार वाईट वाटायचं बघून. हॅरोल्ड रिडली या इंग्रज सर्जनने लंडनला 1949 सालीच डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली होती, पण आपल्या गरीब पेशंटला ती परवडायला लागली ती फार उशिरा, 1992 ला मदुराईला ऑरोलॅब सुरू होऊन लेन्स इथेच स्वस्तात बनायला लागल्या त्याचा मोठा वाटा. मग आम्ही सगळे सीनियर पुन्हा शिकायला बसलो, आधी टाक्यांची पद्धत, मग बिनटाक्याची, मग फेको, ज्युनियर पोरांच्या शेजारी बसून बकऱ्याच्या डोळ्यांवर प्रॅक्टिस केली. नोकरीभर हेच चालू असतं, मुलीला आत्ताच सांगून ठेवा.

तुमच्याच जिल्ह्यातले, माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने बघा, आईने दिलेल्या किडनीवर उभं राहून मुंबईच्या जेजेसारख्या सरकारी हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनं करत राहिले, 2008 ला पद्मश्री मिळाली. डोळ्यांत काय आहे म्हणणाऱ्यांना हे नक्की सांगा.

सीट घेताना कॉलेजचं नाव आणि बिल्डिंग बघू नका. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना गाठून विचारा, की पहिल्या कटपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने किती मोतीबिंदू करायला मिळाले? असिस्ट केलेले मोजायचे नाहीत. सर शेजारी बसून हात धरून शिकवतात का, प्रॅक्टिसला वेट लॅब, म्हणजे जनावरांच्या डोळ्यांवर सराव करायची सोय, आहे का, तेही विचारा. आणि तिला आत्ताच दोन्ही डोळ्यांची नीट तपासणी करून घ्यायला सांगा, खोली कळणारी नजर चांगली आहे ना ते बघून घ्या, मायक्रोस्कोपखाली सगळं काम त्यावरच चालतं.