एआय, वीज आणि राजकारण या बातम्या एकमेकांत इतक्या का गुंतल्या आहेत? काळजी करावी का?

तुम्ही विचारलंय की एआयची बातमी वाचायला घ्यावी तर ती विजेवर येते आणि तिथून थेट निवडणुकीवर, हे असं का होतंय. आणि एआय सगळी वीज गिळून टाकेल या भीतीत किती तथ्य आहे. मी वीजजाळ्याच्या कंट्रोल रूममध्ये २२ वर्षं शिफ्ट ड्युटी केली, आता निवृत्त आहे. त्यामुळे या प्रश्नाकडे मी त्या खोलीतूनच बघतो. काळजी करावी असं मला मनापासून वाटतं. मात्र वीज संपेल का, ही ती काळजी नव्हे.

आमच्या समोरच्या भिंतीवर एक आकडा मोठ्या लाल अक्षरांत असायचा: ५०.००. ती जाळ्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं. लोक वापरतात तेवढी वीज त्याच क्षणी कुठेतरी तयार व्हावी लागते. वापर वाढला आणि निर्मिती तेवढीच राहिली तर जोडलेली सगळी जनित्रं किंचित मंदावतात आणि आकडा खाली सरकतो. ४९.९८, ५०.०१ असं त्याचं चालूच असतं, त्याकडे कोणी मान वर करूनही बघत नाही. पण ४९.७ दिसला की आमचं बोलणं तुटायचं. आणखी घसरला की फोन सुरू व्हायचे, ज्या वीजनिर्मिती संचात थोडी ताकद शिल्लक असेल त्याला ती द्यायला सांगायचं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाइन, बंद करायचे.

कोणते फीडर, हे टेबलाच्या काचेखालच्या यादीत लिहिलेलं असायचं. कागद कडांना पिवळा पडलेला, दोन-तीन ओळी पेनाने खोडून त्यांच्या डोक्यावर दुसरी नावं लिहिलेली. रुग्णालयं आणि पाणीपुरवठा अगदी तळाशी, त्यांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही. बाकीच्यांचा क्रम मात्र अधूनमधून बदलायचा. तो का बदलला हे आम्हाला कोणी सांगायचं नाही. मेगावॅट मोजायचं काम माझं होतं, पण कोणाच्या घरात आधी अंधार होणार हे त्या कागदाने ठरवलेलं असायचं, आणि तो कागद मी लिहिलेला नव्हता. रात्री अडीच वाजता स्विच उघडताना, म्हणजे वीज तोडताना, ही गोष्ट मला फार टोचायची.

आज तुम्ही ज्या बातम्या वाचताय त्यातल्या बहुतेक या यादीच्याच आहेत, असं माझं ठाम मत झालंय. नवी जोडणी आधी कोणाला, तुटवड्यात आधी बंद कोणाचं, आणि तारा-ट्रान्सफॉर्मरचे पैसे कोणाच्या बिलातून.

भीतीपुरतं आधी बोलतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातल्या सगळ्या डेटा सेंटरनी मिळून सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे ४१,५०० कोटी युनिट. जगाच्या एकूण वापराच्या ते दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ वर जाईल असा त्यांचा अंदाज आहे, तरी वाटा तीन टक्क्यांच्या आतच. तुमच्या एका प्रश्नाचं म्हणाल, तर गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या साधारण एका लेखी प्रश्नाला ०.२४ वॅट-तास लागतात. ९ वॅटचा दिवा दीड मिनिट जळला की तेवढी वीज जाते. म्हणून एआयला प्रश्न विचारताना मनाला लावून घेऊ नका.

अडचण वेगळी आहे. ही सगळी वीज जगभर सारखी पसरलेली नाही, ती मोजक्या ठिकाणी एकवटते. आयर्लंडमध्ये २०१५ साली देशाच्या वीजवापरात डेटा सेंटरचा वाटा ५ टक्के होता, २०२४ मध्ये तो २२ टक्के झाला. एनव्हिडियाचं एआयसाठीचं ७२ चिपचं एक कपाट सुमारे १२० किलोवॅट खेचतं. अशी शेकडो कपाटं एका छपराखाली, असं छप्पर दोन वर्षांत उभं राहतं, आणि त्याला वीज पोहोचवणारी उच्चदाबाची लाइन मात्र जमीन, परवानग्या, हरकती यांत सहज आठ-दहा वर्षं घेते. निवडून आलेल्या माणसाकडे चार-पाच वर्षं असतात. त्यामुळे तो फीत कापतो छपराची, आणि लाइनचं काम पुढच्यावर जातं.

यादी चुकली की काय होतं हे टेक्सासने फेब्रुवारी २०२१ मध्ये पाहिलं. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचलाय, कारण त्यातला प्रत्येक मिनिट मला दिसतो. तिकडे फ्रिक्वेन्सी ६० असते. भयंकर थंडी, घराघरांत हीटर चालू, आणि त्याच वेळी एकेक संच गोठून बंद पडत गेलेला. १५ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास आकडा ५९.४ च्या खाली गेला. तो तिथे सलग ९ मिनिटं राहिला असता तर उरलेले संच स्वतःला वाचवण्यासाठी सुटे झाले असते आणि अख्खं जाळं कोसळलं असतं. तसं झालं असतं तर ते पुन्हा उभं करायला कित्येक आठवडे लागू शकले असते. कंट्रोल रूममधल्या लोकांनी भराभर फीडर बंद केले आणि आकडा वर आला, तेव्हा त्या ९ मिनिटांतली ४ मिनिटं ३७ सेकंद शिल्लक होती. त्या खोलीतली शांतता कशी असेल हे मी सांगू शकतो.

पण त्यांनी बंद केलेल्या फीडरवर कोण होतं? नैसर्गिक वायूच्या विहिरींवरची आणि पाइपलाइनवरची कित्येक केंद्रं. वायू थांबला म्हणून त्या वायूवर चालणारे आणखी संच पडले. त्या केंद्रांना यादीच्या तळाशी, रुग्णालयांच्या शेजारी जागा हवी होती. त्यासाठी एक साधा अर्ज भरायचा असतो, तो अनेकांनी भरलेलाच नव्हता. सरकारी मोजणीप्रमाणे त्या थंडीत २४६ माणसं गेली. आणि घरांत अंधार असतानाच राज्यपाल टीव्हीवर पवनचक्क्यांना आणि सौरऊर्जेला दोष देत होते. पवनचक्क्या गोठल्या होत्या हे खरं, पण सर्वांत मोठी तूट वायूवरच्या संचांची होती. लोक कुडकुडत असताना अर्ध्या खऱ्या गोष्टीचं भांडवल करणं मला आजही माफ करता येत नाही.

स्पेन-पोर्तुगालमध्ये २८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास सगळं बंद पडलं, तेव्हा पुन्हा तेच झालं. लगेचच एका बाजूने सौरऊर्जेवर खापर फोडलं, दुसऱ्या बाजूने अणुऊर्जावाल्यांवर. चौकशीत निघालं ते असं: व्होल्टेज वाढत गेलं आणि ते आवरायला हवे तेवढे संच जाळ्यावर नव्हते, जे होते त्यांतल्या काहींनी ते काम पुरेसं केलं नाही. सौर प्रकल्पांना व्होल्टेज सांभाळण्याचं काम तिथल्या नियमांनी दिलेलंच नव्हतं. पॅनेलची वीज जाळ्याजोगी करून देणाऱ्या आजच्या इन्व्हर्टरना ते जमतं. नियम बदलायची चर्चा मात्र वर्षानुवर्षं रेंगाळली होती.

आता पैशांकडे येतो, कारण मतं तिथून फिरतात. अमेरिकेच्या १३ राज्यांना आणि राजधानीला वीज पुरवणाऱ्या पीजेएम या जाळ्यात, पुढच्या वर्षी संच तयार ठेवण्यासाठी वीजकेंद्रांना किती पैसे द्यायचे याचा लिलाव होतो. जुलै २०२४ च्या लिलावात हा दर एका मेगावॅटला दिवसाला २८.९२ डॉलरवरून २६९.९२ डॉलरवर गेला. जुनी केंद्रं बंद होणं आणि लिलावाचे बदललेले नियम हीसुद्धा कारणं आहेतच, पण डेटा सेंटरची येऊ घातलेली मागणी हे मोठं कारण. हा बोजा शेवटी घरगुती बिलात उतरतो. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात वोग्टलच्या दोन नव्या अणुभट्ट्या सात वर्षं उशिरा, मूळ अंदाजाच्या दुपटीहून जास्त खर्च करून चालू झाल्या. खर्च ३,००० कोटी डॉलरच्या पुढे गेला आणि बिलं वाढत गेली. त्या राज्यात पाच जणांचा वीज नियामक आयोग मतदानाने निवडतात. एरवी या निवडणुकीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ४ नोव्हेंबर २०२५ ला लोकांनी हातात बिल घेऊन मतदान केल्यासारखं केलं आणि त्या वेळी निवडणुकीला उभे असलेले दोन्ही रिपब्लिकन सदस्य मोठ्या फरकाने पडले. एआय, वीज आणि राजकारण एकत्र का येतं, या तुमच्या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

थ्री माइल आयलंड या अमेरिकेतल्या अणुवीज केंद्राबद्दल माझ्या मनात दोन भावना आहेत. तिथला दुसरा संच १९७९ च्या अपघातात गेला. पहिला मात्र नीट चालत होता, तो २०१९ मध्ये परवडत नाही म्हणून बंद केला. ८३५ मेगावॅटचा तो संच आता मायक्रोसॉफ्टशी २० वर्षांचा करार करून पुन्हा चालू करायचं ठरलंय. चांगल्या अवस्थेतलं यंत्र पुन्हा फिरणार याचा मला आनंद आहे. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या तेव्हा मला वाईट वाटलं होतं, कारण कोळशावरची केंद्रं अजून धुमसत असताना आधी त्यांना हात लागला. तरीही लाखो घरांसाठी जो संच परवडत नव्हता, तो एका ग्राहकासाठी परवडतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. घरांची आणि त्या ग्राहकाची नावं यादीत एका रात्रीत कशी वर-खाली झाली, हे त्या घरांना कोणी समजावून सांगितलं?

चीनबद्दल थोडक्यातच. सौर पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात जगातली ८० टक्क्यांहून अधिक क्षमता त्यांच्याकडे आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या (यांतली काही मोटारींतल्या चुंबकांना लागतात) निर्यातीवर परवान्याची अट घातल्यावर दूर दूरच्या मोटार कारखान्यांची झोप उडाली. तेलाची नळी ज्याच्या हातात, त्याचं ऐकावं लागतं हे आपण १९७३ मध्ये, अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा, पाहिलंय. फरक इतकाच की पॅनेल एकदा बसलं की ते पंचवीस वर्षं चालतं, तेल रोज लागतं. म्हणून मी हे अवलंबित्व तेलाच्या मानाने कमी घातक मानतो.

तुम्ही काय करू शकता हे विचारलं नाहीत, तरी सांगतो. वीजदर ठरवताना बहुतेक लोकशाही देशांत जाहीर सुनावणी होते आणि कोणीही आपली हरकत मांडू शकतो. मी नोकरीत असताना अशा सुनावण्यांना मागच्या रांगेत बसलोय. पुढे मोठ्या ग्राहकांचे वकील, प्रत्येकाच्या समोर वीतभर जाडीची फाइल. मागच्या खुर्च्या रिकाम्या. एकदा एक आजी आल्या होत्या, पिशवीत वर्षभराची बिलं तारखेप्रमाणे लावून, टाचणी मारून. त्यांना तांत्रिक भाषा येत नव्हती. त्यांनी फक्त एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा आकार कशाचा, आणि तो माझ्याकडून का घेताय?" सभागृहात बराच वेळ कोणाला बोलता आलं नाही. पुढच्या आदेशात त्या आकाराचा खुलासा एका परिच्छेदात आला.

अशा प्रश्नांनी नियम बदलतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या वीज नियामक आयोगाने जुलै २०२५ मध्ये ठरवलं की तिथल्या एका मोठ्या वीजकंपनीकडून जोडणी घेणाऱ्या नव्या मोठ्या डेटा सेंटरनी मागितलेल्या विजेच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे, वापर झाला नाही तरी, १२ वर्षांपर्यंत भरायचे. टेक्सासने जून २०२५ मध्ये कायदा केला की यापुढे जोडल्या जाणाऱ्या ७५ मेगावॅटवरच्या ग्राहकाची वीज आणीबाणीत तोडता येईल अशी व्यवस्था आधीच हवी. काचेखालच्या कागदावर इतक्या वर्षांनी एक नवी ओळ चढली.

तुमच्याकडे अशी सुनावणी निघाली तर जा, आणि हे विचारा: या नव्या ग्राहकासाठी जे उपकेंद्र बांधताय त्याचा खर्च कोणाच्या बिलात धरलाय, आणि पाच वर्षांनी तो ग्राहक निघून गेला तर उरलेले हप्ते कोण भरणार?