‘दुर्मिळ मृदा ऑक्साइड’ : यातली मृदा कोणती?

विचारणा अशी आहे : अतिशीत तापमानाच्या शीतनाविषयी लिहिताना ‘दुर्मिळ मृदा ऑक्साइड’ म्हणतात, त्यात मातीचा काय संबंध? आणि ‘मॅग्नेटोकॅलोरिक’ला (चुंबकीय क्षेत्रामुळे पदार्थाचं तापमान बदलण्याला) ‘चुंबकीय शीतन’ म्हटलं तर चालेल का?

संबंध आहे, पण शेतातल्या मातीशी नाही. जुने युरोपीय रसायनज्ञ पाण्यात फारशी न विरघळणारी आणि भट्टीतही न वितळणारी भुकटी दिसली की तिला ‘माती’ म्हणत. चुना, मॅग्नेशिया या त्यांच्या लेखी मात्याच. शाळेत शिकलेल्या ‘अल्कधर्मी मृदा धातूं’मधली मृदा हीच. या मात्या म्हणजे धातूंची ऑक्साइडं, हा उलगडा पुढे झाला. १७९४ साली रसायनज्ञ योहान गॅडोलिन यांना स्वीडनमधल्या इटर्बी गावच्या काळ्या खनिजात अशीच एक नवी ‘माती’ सापडली. ते इट्रियमचं ऑक्साइड होतं. तेव्हा मृदा या शब्दाच्या पोटातच ऑक्साइड आहे आणि ‘मृदा ऑक्साइड’ ही द्विरुक्ती ठरते. ‘विरल मृदा मूलद्रव्यांची ऑक्साइडं’ हे लांब आहे, पण मला तेच बरोबर वाटतं. (‘दुर्मिळ’ही फसवंच. यांतलं सिरियम भूकवचात साधारण तांब्याइतकं आहे!)

‘चुंबकीय शीतन’ मात्र इथे नको. गॅडोलिनियम या विरल मृदा मूलद्रव्याच्या आयनात (विद्युतभारित अणूत) सात एकाकी, म्हणजे जोडी नसलेले इलेक्ट्रॉन असतात. चुंबकीय क्षेत्र लावलं की आयनांची चुंबकत्वं एका दिशेला वळतात, त्यांची एन्ट्रॉपी (अव्यवस्था) घटते आणि पदार्थ तापतो. ती उष्णता बाहेर काढून घ्यायची, पदार्थ उष्णतेपासून अलग करायचा आणि मग क्षेत्र उतरवायचं. तेव्हा तो गार होतो. तापणं आणि निवणं दोन्ही त्याच परिणामात आहे, म्हणून ‘चुंबक-उष्मीय परिणाम’ म्हणावं. शीतन हा त्याचा उपयोग.

१९३३ साली विल्यम जिओक आणि मॅकडूगल यांनी याच मार्गाने ०.२५ केल्विन (निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर) गाठलं, तेही गॅडोलिनियम सल्फेट वापरून. ते ऑक्साइड नव्हे, स्फटिकजल (स्फटिकात बांधलेलं पाणी) असलेला क्षार. त्याला सरसकट ‘मृदा’ म्हणणं चूक. याच कामाचा दुसरा स्फटिक, गॅडोलिनियम-गॅलियम गार्नेट, हे मात्र खरोखर ऑक्साइड आहे : त्यात निसटून जाणारं स्फटिकजल नाही आणि चुंबकीय आयन दाटीने बसलेले असतात. मृदा हा शब्द तिथे शोभतो.