‘पोस्ट’ : ती, ते की तो?
वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : पत्र ‘पोस्टात’ टाकतो, फेसबुकवर ‘पोस्ट’ टाकतो, तलाठ्याची ‘पोस्ट’ निघते, चेंडू ‘गोलपोस्ट’ला लागतो आणि ‘पोस्टमॉर्टम’ही होतं. एका शब्दाला इतके अर्थ कसे? मूळ अर्थ कोणता?

उत्तर : मूळ अर्थ एकच असेल असं धरून चाललात तर चुकाल. हे तीन वेगळे शब्द आहेत. तिघेही लॅटिनमधून निघाले, वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत पोचले आणि तिथे त्यांचं स्पेलिंग सारखं झालं.

पहिला लॅटिन ‘पोस्टिस’, म्हणजे दाराच्या बाजूचा उभा खांब. गोलपोस्ट आणि लॅम्पपोस्ट याच घरातले.

दुसऱ्याच्या मुळाशी ‘पोनेरे’ हे क्रियापद आहे. अर्थ : ठेवणे. त्यापासून ‘पोझिटा’, म्हणजे ठेवलेली, नेमून दिलेली. निरोप लवकर पोचावा म्हणून रस्त्यावर ठरावीक अंतराने घोडे आणि स्वार तैनात ठेवत. एकाने थैली आणायची, पुढच्याने ताज्या घोड्यावरून न्यायची. अशा ठाण्याला इटालियनमध्ये ‘पोस्टा’ म्हणू लागले. तिथून शब्द फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत आला. आधी ठाणं आणि स्वार, मग त्यांनी वाहून नेलेली पत्रं, मग ते सांभाळणारं खातं, असा अर्थ सरकत गेला. पहारेकऱ्याला नेमून दिलेली जागा हीदेखील ‘पोस्ट’च, तिचं जवळचं रूप इटालियन ‘पोस्टो’. चेकपोस्ट, नोकरीतली पोस्ट आणि बदलीनंतरचं पोस्टिंग या फांदीवरचे. ‘ठेवणे’ या क्रियापदाचा गोतावळा फार मोठा आहे : बँकेतलं डिपॉझिट, एसटीचा डेपो, इतकंच काय, शेतातलं कंपोस्ट खतसुद्धा. कंपोस्ट म्हणजे मुळात एकत्र ठेवलेलं, मिसळलेलं.

तिसरा ‘पोस्ट’ म्हणजे ‘नंतर’. मराठीत त्याचं काम बहुतेकदा ‘उत्तर’ करतो : पोस्टग्रॅज्युएटला पदव्युत्तर, पोस्टमॉर्टमला उत्तरीय तपासणी. पत्राखालचं ‘पी. एस.’ म्हणजे ‘लिहून झाल्यानंतरचं’. आपण तिथे ‘ता. क.’, ताजा कलम, लिहितो.

‘पोस्टपोन’ या शब्दात तर दोन घराणी एकत्र नांदतात : ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोन’ म्हणजे ठेवणे.

प्रश्न : फेसबुकची पोस्ट टपालाच्याच घरातली ना? दोन्ही आपण ‘टाकतो’!

उत्तर : नाही, ती खांबाच्या घरातली आहे. तुमचा घोटाळा ‘टाकणे’मुळे झाला. मराठीत पेटीत पत्रही टाकतात आणि फेसबुकवर मजकूरही टाकतात, त्यामुळे दोन्ही क्रिया एकच वाटतात. इंग्रजीत जाहीर सूचना खांबावर डकवत आणि त्या डकवण्याला ‘पोस्ट’ म्हणत. त्यावरून ‘पोस्टर’ आला. १९७८ मध्ये शिकागोत संगणकावर चालणारा नोटीसबोर्ड सुरू झाला. अशा बोर्डांवर मजकूर लावायला जुनंच क्रियापद कामी आलं आणि पुढे ते समाजमाध्यमांवर पोचलं. फरक लक्षात ठेवायला सोपा आहे : टपाल एका पत्त्यावर जातं, खांबावरचा कागद येणारा-जाणारा वाचतो.

प्रश्न : ‘पोस्ट’चं लिंग कोणतं धरावं?

उत्तर : बोलताना आपण ते बिनचूक सांभाळतो. ‘ते पोस्ट स्टेशनाजवळ आहे’ म्हटलं की कार्यालय. ‘ती पोस्ट भरली’ म्हणजे जागा, ‘ती पोस्ट वाचली’ म्हणजे मजकूर. ‘तो गोलपोस्ट’ तर खांबाबरोबर पुल्लिंगी झाला. सामान्यरूपही वेगळं होतं. पोस्टात, पोस्टाचं तिकीट, पोस्टाची पेटी हे फक्त टपालाचं. फेसबुकच्या बाबतीत ‘पोस्टमध्ये’ किंवा ‘पोस्टखाली’ म्हणतात. तिथे ‘पोस्टात लिहिलंय’ कानाला खटकतं. इंग्रजीत पुसला गेलेला फरक मराठीने असा पुन्हा उभा केला, याचं आम्हाला मनापासून कौतुक वाटतं.

प्रश्न : ‘पोस्टपेड’ आणि ‘पोस्टडेटेड’चं भाषांतर करताना गोंधळ होतो.

उत्तर : होणारच, कारण ‘पोस्टपेड’ उलटसुलट अर्थाने चालतो. मोबाइलच्या ‘पोस्टपेड’मध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर : आधी वापर, मग बिल. पुस्तकाच्या किमतीपुढे किंवा पाकिटावर असेल तर ‘पोस्ट’ म्हणजे टपाल, आणि टपालखर्च आधीच भरलेला असतो. तिथे ‘टपालखर्चासह’ लिहा. ‘पोस्टडेटेड’ चेक म्हणजे पुढची तारीख घातलेला चेक. काही जण ‘मागाहून’वरून घसरून ‘मागील तारखेचा’ लिहितात आणि व्यवहाराचा अर्थच फिरतो. चेकची तीन महिन्यांची मुदतही त्यावर लिहिलेल्या तारखेपासून मोजतात, हातात दिल्यापासून नाही.

हिशेबातलं ‘पोस्टिंग’ म्हणजे खतावणी : रोजकीर्दीतली नोंद खातेवहीत नेणं. नेण्याचं काम म्हणून हे टपालाच्या घरातलं. ‘कीप मी पोस्टेड’ यावरूनच आलं. नोंदी चालू तारखेपर्यंत भरलेल्या, तसा माणूस माहितीने अद्ययावत. त्याचं मराठी साधं ठेवा : ‘कळवत राहा.’

प्रश्न : शब्दाचं घराणं कोशात कसं शोधायचं?

उत्तर : आधी शब्दाच्या डोक्यावर किंवा शेजारी बारीक १, २, ३ आकडे आहेत का पाहा. असतील तर ते वेगळे शब्द आहेत. एकाच नोंदीतले क्रमांकित अर्थ मात्र एकाच शब्दाचे असतात. मग चौकटी कंसातली व्युत्पत्ती शेवटपर्यंत वाचा. पहिल्याच टप्प्यावर थांबलात तर खांबाचा ‘पोस्ट’ आणि टपालाचा ‘पोस्ट’ यांचं घराणं कळणार नाही. फरक लॅटिनपाशी कळतो. शेवटी नाम आणि क्रियापद दोन्हींच्या नोंदी बघा. नेहमीची चूक म्हणजे पहिला दिलेला अर्थ सर्वांत जुना समजणं. ऑक्सफर्डच्या मोठ्या ऐतिहासिक कोशात जुना अर्थ आधी येतो, पण विद्यार्थ्यांच्या कोशात सर्वांत वापरातला.

प्रश्न : पोस्टमनला देतात ती दिवाळीची ‘पोस्त’ यातूनच आली का?

उत्तर : नाही. पोस्त फक्त पोस्टमनला नाही, भांडी घासणाऱ्या बाईंना आणि इमारतीच्या रखवालदारालाही देतात. शब्द फारसी आहे. त्या भाषेत ‘पोस्त’ म्हणजे साल, कातडं आणि खसखशीचं बोंडही. बंगाली स्वयंपाकातला ‘पोस्तो’, म्हणजे खसखस, तोच.