थॉमसनचा अणू म्हणजे नुसतं कलिंगड होतं का?

तुम्ही विचारलंय की अणू कलिंगडासारखा असतो, लाल गर म्हणजे धनप्रभार आणि बिया म्हणजे इलेक्ट्रॉन, असा ढोबळ विचार इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या जे. जे. थॉमसनसारख्या माणसाने केलाच कसा? मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. माझं मत असं की दोष थॉमसनचा नाही, कलिंगडाचा आहे. त्यातल्या बिया हलत नाहीत, थॉमसनचे इलेक्ट्रॉन मात्र फिरत होते.

त्याचा १९०४चा लेख म्हणजे पानोपानी गणित आहे. धनप्रभाराचा एकसारखा गोल धरायचा आणि त्यात इलेक्ट्रॉन कड्यांमध्ये फिरत ठेवायचे. मग प्रश्न असा की एका कड्यात किती इलेक्ट्रॉन टिकतात? पाचपर्यंत ठीक, सहावा आला की एकाला आत जावं लागतं. आणखी वाढवले की आत दुसरं कडं, तिसरं कडं. गंमत म्हणजे हे डोळ्यांनी बघता येतं. मेयर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७८ साली बुचांत चुंबकीय सुया खोचून त्या पाण्यावर तरंगवल्या होत्या आणि वर मोठं चुंबक धरलं होतं. त्या सुयाही अशाच कडी करून बसतात. थॉमसनने या प्रयोगाचा आधार घेतला होता.

हा खटाटोप आवर्तसारणीसाठी होता. त्याच्या हिशेबात एकूण ५९ ते ६७ इलेक्ट्रॉन असले तरी बाहेरच्या कड्यात २०च राहतात, बदल होतो तो आतल्या कड्यांत. मूलद्रव्यांचे गुणधर्म ठरावीक अंतराने पुन्हा का येतात, याचं उत्तर तो इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत शोधत होता. १९०४ साली!

मग बिघडलं कुठे? पहिला धक्का त्यानेच दिला. सुरुवातीला अणूचं सगळं वस्तुमान इलेक्ट्रॉनांचंच धरल्यामुळे हायड्रोजनमध्येसुद्धा हजारभर इलेक्ट्रॉन लागत होते. १९०६ साली त्यानेच दाखवलं की इलेक्ट्रॉनांची संख्या अणुभाराच्याच आसपास असते. म्हणजे वस्तुमान धनप्रभाराकडे गेलं. शिवाय फिरणारा इलेक्ट्रॉन प्रारण (विद्युतचुंबकीय तरंग) सोडून ऊर्जा गमावतो; कड्यात इलेक्ट्रॉन भरपूर असले की ही ऊर्जा फारच कमी जाते, ही सोयही त्याच्या हातून निसटली.

दुसरा धक्का मँचेस्टरचा, रदरफोर्डच्या प्रयोगशाळेतला. १९०९ साली गायगर आणि मार्सडेन यांना दिसलं की प्लॅटिनमवर सोडलेल्या साधारण ८००० अल्फा कणांपैकी (किरणोत्सारी पदार्थांतून वेगाने निघणारे धनप्रभारित कण) एखादा उलट फिरतो. अणूभर पसरलेला धनप्रभार अल्फा कणाला एका अणूत जेमतेम वळवू शकतो. असे बारीक धक्के साठून तो मागे फिरण्याची शक्यता नगण्य, हे रदरफोर्डने १९११ साली गणिताने दाखवलं आणि धनप्रभार अणूच्या मध्यावरच्या इवल्याशा केंद्रकात कोंबला.

पण केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉन आत का कोसळत नाहीत, याचं उत्तर रदरफोर्डकडेही नव्हतं. ते नील्स बोर या डॅनिश शास्त्रज्ञाने १९१३ साली द्यायचा प्रयत्न केला, आणि त्याच्या मोठ्या अणूंमध्ये इलेक्ट्रॉन पुन्हा कड्यांमध्येच बसवलेले आहेत.