वाचकांचे प्रश्न : दोन विभागांच्या मधली जागा

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. दिवाळीचा किल्ला करता करता तिला मोठ्या आराखड्यांचे वेड लागले असून सध्या ती एक काल्पनिक मनोरंजन उद्यान कागदावर मांडते आहे. कोकणचा किनारा, डोंगरी किल्ला, लोणारचे विवर, गावची जत्रा आणि भविष्यातले शहर असे पाच विभाग तिने ठरवले आहेत. प्रत्येकातले पाळणेही ठरले आहेत. मात्र आराखडा पाहिला की सगळे एकमेकांत मिसळून एखाद्या प्रदर्शनाच्या मैदानासारखे दिसते. विभाग खरोखर वेगळे वाटावेत म्हणून काय करावे?
— एक पालक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रावरून असे दिसते की प्रत्येक विभागात काय असावे याचा विचार तुमच्या मुलीने पुरेसा केला आहे, राहिला आहे तो दोन विभागांच्या मधल्या जागेचा. किल्ल्याच्या बुरुजावर उभे राहिल्यावर जत्रेतला आकाशपाळणा दिसत असेल, तर बुरूज कितीही हुबेहूब बांधला तरी पाहणारा मनाने किल्ल्यावर पोहोचत नाही.

या प्रकारच्या मांडणीचा सर्वांत अभ्यासलेला नमुना म्हणजे कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे 17 जुलै 1955 रोजी उघडलेले डिस्नेलँड. वाहनतळ धरून सुमारे 160 एकरांच्या त्या जागेत उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घातला गेला आणि त्यावरून छोटी आगगाडी फिरवली गेली. त्यामुळे आत आलेल्या माणसाला बाहेरचे शहर दिसेनासे झाले. प्रवेश एकच ठेवला. तेथून एक जुन्या वळणाचा बाजाररस्ता मधल्या चौकात जातो आणि त्या चौकातून, चाकाच्या आऱ्यांसारख्या, निरनिराळ्या विभागांच्या वाटा फुटतात. चौकापलीकडचा राजवाडा अवघा 77 फूट उंच आहे, परंतु वरच्या भागांचे माप क्रमाक्रमाने लहान केल्यामुळे तो पुष्कळ उंच भासतो. लांबून दिसणारी अशी एक खूण प्रत्येक वाटेच्या टोकाशी असली की पाट्या न वाचताही माणसे त्या दिशेने चालू लागतात.

वाटेच्या तोंडाशी काय करावे, हे शिकण्यासाठी मात्र अमेरिकेकडे पाहण्याची गरज नाही. तुमच्या मुलीने बहुधा ते पाहिलेलेही असेल. रायगडाच्या महादरवाजाची बांधणी गोमुखी आहे: दोन बुरुजांच्या मधून वाट अशी वळवून नेली आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा नजरेस पडत नाही. तेथे हेतू शत्रूला अडवण्याचा आणि माऱ्यात घेण्याचा होता, येथे तो नजर अडवण्याचा आहे, पण युक्ती तीच. प्रत्येक विभागाच्या तोंडाशी असे एक वळण आणि पंधरा-वीस पावलांचा काहीसा अंधारा, शांत पट्टा ठेवावा, आणि त्या पट्ट्यातच पायाखालची जमीन बदलावी. किनाऱ्याकडे जाताना जांभा आणि माड, किल्ल्याकडे जाताना काळा दगड. आवाजाचाही विचार करावा. जत्रेतला भोंगा किल्ल्यापर्यंत पोहोचता कामा नये, म्हणून हे दोन विभाग शेजारी नकोत. कर्मचाऱ्यांचे येणेजाणेही आधीच ठरवावे. फ्लोरिडात 1971 साली उघडलेल्या मॅजिक किंगडममध्ये त्यांच्यासाठी खास बोगदे आहेत. गंमत अशी की भूजल फार वर असल्याने ते खणलेले नाहीत. ते जमिनीच्या पातळीवर बांधून त्यांच्यावर उद्यान रचले आहे.

भविष्यातले शहर वगळावे, असे मी सुचवेन. डिस्नेलँडमधला भविष्याचा विभाग उद्घाटनाच्या दिवशी अपुरा होता, आणि 1967 व 1998 साली त्याचे रूप मोठ्या प्रमाणावर बदलावे लागले. शंभर वर्षांपूर्वीची जत्रा शिळी होत नाही, उद्याचे शहर मात्र दहा वर्षांत जुने दिसू लागते. चार विभाग पुरेत.

पाळण्यांच्या बाबतीत नावांआधी हिशेब करावा. कोकण विभागात वीस जणांची होडी दर अर्ध्या मिनिटाला सुटली, तर तासाला 2400 माणसे फिरून येतात. परंतु चढण्या-उतरण्यात एक मिनिट गेले की तीच संख्या 1200 वर येते. फेरी दहा मिनिटांची असेल, तर पहिल्या वेगासाठी पाण्यात एका वेळी वीस होड्या लागतील आणि तेवढ्या लांबीचा कालवाही काढावा लागेल. रांगेवर छप्पर हवेच; मेमधील ऊन आणि जुलैमधील पाऊस दोन्ही सोसेल असे.

आता लोणार. एका सेंटिमीटरला वीस मीटर हे प्रमाण धरले, तर 160 एकरांची चौरस जागा कागदावर साधारण 40 सेंटिमीटर बाजूची होते. खऱ्या विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, म्हणजे याच प्रमाणात 90 सेंटिमीटर! ते अख्ख्या उद्यानात मावणार नाही. म्हणून विवराची प्रतिकृती करण्याऐवजी कडेवरून झाडीतून खाली पाण्याशी उतरण्याचा अनुभव तेवढा घ्यावा आणि समोरच्या काठावरची झाडे मुद्दाम बुटकी लावावीत, म्हणजे अंतर वाढल्यासारखे वाटेल. हा विभाग जमिनीत खोल गेल्यामुळे खाली उतरलेल्याला बाकीचे तिन्ही विभाग आपोआप दिसेनासे होतील. खणताना निघालेली माती उद्यानाभोवतीच्या बांधाला वापरता येईल. फक्त पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याला वाट काढून देणारा नाला आराखड्यात आजच दाखवावा, कारण मुलीने तो विसरलेला असण्याची शक्यता बरीच आहे.