वाचकांचे प्रश्न : जुन्या वर्गमित्रांचा मननाचा ग्रुप

प्रश्न : ताई, आमच्या बॅचचं मागे गेट-टुगेदर झालं तेव्हा काही जण म्हणाले की नुसतं खाणंपिणं आणि फोटो नकोत, थोडं प्रभूच्या वचनावर मनन पण करू या. मी उत्साहात मेसेज टाकला आणि २२ नावं आली. आता घाम फुटलाय. मी काही धर्मशास्त्र शिकलेलो नाही. एवढ्या लोकांना शिकवायचं काय आणि कोणी?

उत्तर : पहिलं म्हणजे शिकवायचं नाहीये, त्यामुळे घाम पुसा. दुसरं म्हणजे २२ जण एकत्र बसवू नका. साधा हिशोब करा, प्रत्येकी तीन मिनिटं बोलायचं म्हटलं तरी पहिल्याच फेरीत ६६ मिनिटं जातात आणि शेवटच्या माणसाचं बोलणं येईपर्यंत निम्मे लोक मोबाईल बघत असतात. सहा ते आठ जणांचे तीन ग्रुप करा, दीड तास, आठवड्यातून एकदा, आणि किती आठवडे ते आधीच सांगून टाका, समजा आठ. "चालू ठेवू जमेल तसं" म्हटलं की चौथ्या आठवड्याला तुम्ही एकटेच.

पद्धत सोपी आहे. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमध्ये येशूची गोष्ट सांगितली आहे त्यातला, एक छोटा उतारा सावकाश दोनदा वाचायचा, मग पाचसात मिनिटं गप्प बसायचं. सुरुवातीला मार्कच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला बार्तीमय घ्या. तो आंधळा माणूस आहे हे सगळ्यांना दिसतंय तरी येशू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करू, हा प्रश्न चाळिशीतल्या माणसाला बरोबर लागतो. मग पहिली फेरी, प्रत्येकाने फक्त स्वतःबद्दल बोलायचं, मधे कोणी बोलायचं नाही. परत दोन मिनिटं शांतता. दुसऱ्या फेरीत आपलं पुढे दामटायचं नाही, दुसऱ्याचं ऐकताना आपल्याला काय भिडलं तेवढं सांगायचं. तिसऱ्या फेरीत ज्याला जी प्रार्थना सुचेल ती, नाही सुचली तर गप्प राहिलं तरी चालतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅटिकनला सिनड, म्हणजे कॅथलिक चर्चची विचारविनिमयाची सभा, भरली तेव्हा कार्डिनल, बिशप, सिस्टर, साधी माणसं गोल टेबलांभोवती बसून साधारण असंच ऐकत होती, तेव्हा हे काही पोरकट नाही.

आणि तुम्ही ग्रुप चालवणार म्हणजे घड्याळ सांभाळणार, बास. जेसुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याने मनन-प्रार्थनेची एक साधना घालून दिली, ती देणाऱ्याला त्याने सांगून ठेवलंय की तू तराजूच्या काट्यासारखा मधे राहा, कुणाला इकडे तिकडे ढकलू नको, देवाला त्या माणसाशी थेट बोलू दे. शाळेत मॉनिटर असलेल्यांना हे फार जड जातं बरं का, अनुभव आहे.

प्रश्न : पण आम्ही एकमेकांना इतकं ओळखतो की गंभीर काही बोलायला गेलं की हशाच पिकतो. काय करावं?

उत्तर : खरी अडचण ही आहे. तुम्ही एकमेकांना ओळखता ते पंधरा वर्षांचे असतानाचे. मी पहिला ग्रुप घेतला त्यात एक जण होता, शाळेत सगळे त्याला ढापण्या म्हणायचे. तो दारातून आत आला आणि कोणीतरी जोरात "आला ढापण्या" म्हणालं, सगळे हसले, मीही हसले, तोही हसला. मग त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला, काच केव्हाच स्वच्छ झाली होती तरी पुसतच होता. त्या दिवशी त्याच्या पाळीला तो एवढंच म्हणाला, "बरं चाललंय." मुलगा वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हता हे आम्हाला पाचव्या आठवड्याला कळलं. चूक माझी होती, मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. आता पहिल्या दिवशीच सांगते की इथे टोपणनावं नाहीत, सल्ले नाहीत, आणि इथलं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच पण घरी बायकोला, नवऱ्यालासुद्धा नाही. सल्ल्याचं तर फारच सांभाळावं लागतं. कोणी रडवेला झाला की लगेच तिघं सांगायला लागतात असं कर, तसं कर. पण कोणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली तर मात्र तो ग्रुपचा विषय नाही, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन जा.

प्रश्न : बॅचमधले काही जण ख्रिस्ती नाहीत. त्यांना बोलवायचं का? नाव बदलून "व्यक्तिमत्त्व विकास" ठेवलं तर?

उत्तर : बोलवा, पण नाव बदलू नका, ती फसवणूक होईल. सरळ लिहा की येशूच्या गोष्टी वाचणार आहोत, प्रार्थना असेल, मोठ्याने करायची सक्ती नाही. येणारा ठरवेल. आणि ज्यांच्या मनात शाळेबद्दलच राग आहे, मारामुळे, अपमानामुळे, त्यांना "विसर आता" म्हणू नका, तेही मनातलंच आहे.

प्रश्न : माझा सगळ्यात जवळचा मित्रच येत नाही. किती मागे लागू?

उत्तर : अजिबात लागू नका. इग्नेशियस पॅरिसला शिकायला गेला तेव्हा अडतिशीकडे आलेला, म्हणजे वर्गात तो काकाच, १५२९ पासून पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर एका खोलीत राहायचा, दोघं त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. फेबर त्याला अभ्यासात मदत करायचा. आता फेबर तर एका पायावर तयार होता, तरी त्याला साधना मिळाली १५३४ मध्ये, इग्नेशियसनेच थांबवून ठेवलेलं. झेवियर बराच काळ दाद देत नव्हता, त्याची साधना तर आणखी नंतर, तोपर्यंत या तिघांसह सात मित्रांनी पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर देवाला वाहून घेण्याचं व्रत पण घेतलं होतं. एका खोलीत राहून एवढा वेळ लागला, तुमचा मित्र तर वर्षातून एकदा भेटतो. त्याला वेळ आणि जागा कळवणारा एक मेसेज टाका. "तुझ्यासाठी प्रार्थना करतोय" असलं काही त्यात लिहू नका, लोकं बिचकतात.