वृद्धाश्रमाचे आत्यांच्या नावचे थकीत बिल भाच्याने भरायचे का?

तुम्ही विचारलेय ते थोडक्यात असे: आत्या निपुत्रिक, यजमान आधीच गेलेले. शेवटची दोन वर्षे त्या सिंहगड रस्त्याकडच्या एका वृद्धाश्रमात होत्या आणि मागच्या महिन्यात वारल्या. आता संस्थेने २,८६,००० रुपयांचे ‘अंतिम बिल’ तुमच्या हातात ठेवलेय, कारण प्रवेशअर्जावर सही तुमची आहे. कोथरूडचा फ्लॅट आत्यांच्या नावावर आहे, मृत्युपत्र नाही. हे पैसे तुम्ही भरायचे का?

आज भरू नका, आणि आज साफ नकारही देऊ नका. देणे कुणाचे आणि देणे किती, हे आधी ठरू द्या.

देणे आत्यांचे आहे. माणूस गेला म्हणून ते बुडत नाही, पण ते फिटायचे त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून. त्यातले जेवढे ज्याच्या हाती येईल तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० आणि ५२ मध्ये हेच आहे. ‘तुम्ही घरचेच ना, मग द्या पगारातून’ याला कायद्यात आधार नाही.

आता एक गोष्ट जी तुम्हाला कुणी सांगितली नसेल: तुम्ही कदाचित त्या फ्लॅटचे वारसच नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे निपुत्रिक विधवेला नवऱ्याकडून मिळालेली मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे फ्लॅट यजमानांकडून आला असेल तर तो त्यांच्या भावाबहिणींकडे किंवा पुतण्यांकडे जाईल. आत्यांनी स्वतः कमावून घेतला असेल तरी मृत्युपत्राशिवाय मुलांनंतर पहिला क्रम सासरच्यांचाच. वडिलांकडून आत्यांना काही मिळाले असेल तर तेवढे माहेरच्यांकडे येईल. तेव्हा फ्लॅटची कागदपत्रे काढा, तो कुणाकडून आला ते पाहा आणि सासरच्या मंडळींना या बिलाबद्दल लेखी कळवा. मालमत्ता त्यांची आणि बिल तुमचे, असे होऊ देऊ नका. बँकेत तुमचे नॉमिनेशन असले तरी ते पैसे तुम्ही वारसांसाठी सांभाळायचे असतात, ते तुमचे होत नाहीत.

मग सहीचे काय? अर्जाची प्रत मागून घ्या आणि सहीच्या वर काय छापलेय ते शब्द न् शब्द वाचा. ‘जबाबदार नातेवाईक’ किंवा ‘आपत्कालीन संपर्क’ एवढेच असेल तर ती हमी नव्हे. ‘रहिवाशाने शुल्क न दिल्यास मी देईन’ असे असेल तर तुम्ही जामीनदार ठरता, आणि जामीनदाराकडून थेट वसुली करता येते. तुमच्या प्रकरणात खरा धोका या एका ओळीत आहे. आणि आता नवीन काहीही सही करू नका. ‘थकबाकी मान्य आहे, हप्त्याने देतो’ असा कागद पुढे येईल. मुदत संपण्याआधी लेखी कबुली दिली की वसुलीची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते.

रक्कम किती, याबद्दल अनुभवाने सांगते. माझ्या चुलत सासऱ्यांच्या वेळी (संस्था दुसरी, पुण्यातलीच) बिलात ‘नर्सिंग व इतर’ अशी एकच जाडजूड रक्कम होती. आम्ही महिनावार तपशील आणि दैनंदिन नोंदवही दाखवा म्हणून हटून बसलो. नोंदवहीत ते न्यूमोनियाने रुग्णालयात होते त्या दिवसांवर लाल शाईने ‘बाहेर दाखल’ लिहिलेले, ना जेवणाची खूण, ना बीपी-शुगरचे आकडे. बिलात मात्र त्याच दिवसांचे भोजन, अटेंडंट आणि डायपर लावलेले. एअर बेडचे भाडेही होते, आणि तो बेड आम्हीच सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानातून घेऊन दिलेला. पावती समोर ठेवल्यावर त्या दोन्ही रकमा मुकाट्याने वगळल्या गेल्या.

तुम्हीही तसेच बिल आणि नोंदवही शेजारी ठेवून बसा. अनामत वजा केली आहे का? दरवाढ लेखी कळवली होती का? थकबाकीवर व्याज लावले असेल तर करारात त्याचा दर आहे का? नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल आणि साठीपुढच्या रहिवाशाचे राहणे-जेवण-देखभाल मिळून शुल्क महिना २५,००० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही. तो लावलेला दिसला तर जरूर विचारा.

आत्यांच्या बांगड्या किंवा एफडीच्या पावत्या ‘बिल भरा, मग न्या’ म्हणून अडवल्या असतील तर त्यांची यादी करून लेखी मागणी करा. करारात तसे स्पष्ट ठरलेले नसेल तर थकबाकीपोटी वस्तू अडवून ठेवायचा सरसकट हक्क अशा संस्थेला नाही.

एका बाबतीत मात्र ताणू नका. रात्री-अपरात्री आत्यांची कूस बदलणाऱ्या, त्यांना भरवणाऱ्या मावशींचे पैसे खरोखर राहिले असतील तर ते आधी दिले जावेत, असे मला मनापासून वाटते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्येही मयताच्या मालमत्तेतून देणी फेडायचा क्रम आहे: अंत्यविधी, शेवटच्या आजारातला वैद्यकीय खर्च आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचे राहणे-जेवण इतर कर्जांच्या आधी येते, शेवटच्या तीन महिन्यांतली घरगडी-मजुरांची मजुरीही वरच लागते. वाद घालायचा तो न केलेल्या सेवेच्या पैशांवर.

संस्थेला पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. त्यात ‘कोणत्याही हक्कास बाधा न येता’ हे शब्द घाला, तपशील मागा, कोणती रक्कम मान्य नाही आणि का ते लिहा. उत्तर टाळले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जा. ग्राहक वारल्यास त्याच्या वारसाला किंवा कायदेशीर प्रतिनिधीला तक्रार करता येते. मुदत दोन वर्षे, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. हमीची ओळ खरोखरच सापडली तर मात्र शिवाजीनगर कोर्टातल्या एखाद्या दिवाणी वकिलाला अर्ज दाखवूनच पुढचे पाऊल टाका.

तडजोड झाली तर पैसे चेकने द्या, रोख नको. पावतीवर आत्यांचे नाव, ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द आणि कुणाच्या पैशातून दिले ते लिहून घ्या. त्याच वेळी ना-देय दाखलाही मागा, सासरच्या मंडळींशी हिशेब करताना तो लागेल.